काहून आणि कायले

वर्तनोपचार म्हणजे वरवरची मलमपट्टी, खरं काम मुळाशी जाण्याचं, हे वाक्य हल्ली कुठल्याही चर्चासत्रात टाळ्या घेऊन जातं. बोलणारे सुशिक्षित असतात, त्यांना मुलांविषयी कळवळा असतो, म्हणूनच मला ते जास्त घातक वाटतं. 'दोन ठेवून दिल्या की सरळ होईल' म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. मार खाल्लेलं पोर फक्त मारणाऱ्यापुढे गप्प बसतं. मोबाइल काढून घेतला की स्वमग्नता जाते असं सांगणारे मोबाइलच्या आधीची मुलं विसरलेले असतात. पण 'मुळाशी जा' हा आग्रह शहाणपणासारखा दिसतो. त्याला नीट उत्तर द्यायला हवं.

भंडारा जिल्ह्यात, लाखनी तालुक्यातल्या एका गावातलं घर. मुलगा १३ वर्षांचा, बोलत नाही. उजव्या मनगटावर चावून चावून घट्टा पडलेला, बैलाच्या मानेवर जुवानं पडतो तसा. त्या घट्ट्याचं मूळ शोधण्यात घरानं कैक वर्षं घालवली होती. आठव्या महिन्यातला ताप, गरोदरपणातलं ग्रहण, बापाचा तापट स्वभाव, आजीचे लाड. प्रत्येकानं आपापलं मूळ आणून ठेवलेलं, आणि बहुतेक सगळी फिरून आईपाशीच यायची. ताप तिनं अंगावर काढला, ग्रहणात विळी तिनंच हातात धरली. रोवणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या बांधीत दिवसभर वाकून ती घरी यायची आणि हे ऐकायची.

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. थोरल्या मुलीनं शंभर पानी वहीत तीन रकाने आखले: आधी काय झालं, त्यानं काय केलं, मंग काय झालं. अकरा दिवस वही भरली. पहिल्या रकान्यात जेवण होतं, अंघोळ होती, केस विंचरणं होतं. तिसऱ्यात पानामागून पान एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत होती. ताट उचललं. अंघोळ थांबवली. फणी ठेवून दिली. मुलगा हडकुळा, म्हणून आई आणखी एक घास, आणखी एक घास करायची. तो मनगट चावायचा. ताट उचललं जायचं. मुलीनं तिसरा रकाना मोठ्यानं वाचून दाखवला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "मले वाटे, पोट्टा उपाशी राहते."

मग त्याला वाटी पालथी घालायला शिकवलं. वाटी पालथी म्हणजे पुरे. सुरुवातीला आईच त्याचा हात धरून वाटी पालथी करी आणि त्याच क्षणी ताट बाजूला घेई. अट एकच होती, आणि आपल्याकडच्या कुठल्याही घराला ती जड जावी अशी: वाटी पालथी पडली की कुणीही आग्रह करायचा नाही. पहिले काही दिवस तो अर्ध्या जेवणातच वाटी पालथी घाली आणि आई रडकुंडीला येई. महिन्याभरात तो वाटी घेऊन न्हाणीपर्यंत जाऊ लागला. चावणं पूर्ण थांबलेलं नाही. घट्टा मात्र मऊ पडला आहे.

आमच्या बोलीत दोन प्रश्न आहेत: 'काहून' आणि 'कायले'. बोलताना आम्ही ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो, तरी त्यांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत. काहून मागे पाहतं: कशामुळे? कायले पुढे पाहतं: कशासाठी? मुळाशी जायला सांगणारे सगळे काहून विचारत असतात. ते मिळालं असं समजू. तापानं मेंदूला इजा झाली, हे उद्या सिद्ध झालं. मग? ताट तिथंच आहे, घास तिथंच आहे, आणि मुलापाशी 'पुरे' म्हणायला मनगटाशिवाय काही नाही. मूळ कळल्यानं बदलणारी एकच गोष्ट म्हणजे दोष कुणाचा, आणि तो कुणाच्या पदरात पडतो ते वर आलंच आहे.

काहूनला त्याचा हक्क मी नाकारत नाही. न बोलणारं मूल एकाएकी गालात मारून घेऊ लागलं तर आधी दात आणि कान पाहायचे. फेफरं असेल तर गोळी लागेल आणि ती वेळेवर द्यावीच लागेल. शरीराचं दुखणं डोळ्याआड करून रकाने भरत बसणं हा गुन्हाच आहे. पण दात बरा झाला आणि चावणं उरलं, तर पुन्हा काहूनच्या विहिरीत उतरून काय मिळणार?

मूळवाद्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा वर्तनोपचाराच्या इतिहासाचा आहे आणि तो खरा आहे. पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचं कबूतर सगळ्यांना ठाऊक आहेत. १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसला इव्हार लोवास यांनी स्वमग्न मुलांवर विजेचे धक्के वापरले. मॅसॅच्युसेट्समधल्या जज रोटेनबर्ग सेंटरमध्ये धक्क्याचं यंत्र एकविसाव्या शतकातही चालू राहिलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये न्यायालयानं ती बंदी रद्द केली. हे झाकण्यात अर्थ नाही. पण धक्का देणारा कुठला प्रश्न विचारत होता? त्याला फक्त 'थांबवू कसं' एवढंच हवं होतं. कायले त्यानं विचारलंच नाही. तो प्रश्न नीट मांडला १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी: तेच मूल एकटं असताना, काम सांगितल्यावर, लक्ष मिळाल्यावर, खेळताना कधी जास्त इजा करून घेतं, ते पाहायचं. १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड यांनी दाखवलं की त्याच हेतूसाठी सोपी खूण शिकवली की इजा कमी होते. पालथी वाटी त्याच घराण्यातली. हे परदेशी खूळही नव्हे. सिकंदराबादच्या मतिमंदांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतून रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांनी भारतीय मुलांसाठी केलेली वर्तनमापनाची श्रेणी १९९२ ची आहे.

९ जानेवारी २०२१ रोजी, मध्यरात्रीनंतर, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. तेव्हा सगळ्या राज्यानं भंडाऱ्याकडे पाहिलं. अशा कक्षातून जगून घरी जाणाऱ्या, कमी वजनाच्या बाळांतली काही पुढे अशीच अडचण घेऊन वाढतात; त्यांच्या पुढच्या वीस वर्षांकडे कोण पाहतं? २०१३ चा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम १८ व्या वर्षी हात सोडतो. नागपूर भंडाऱ्याहून ६० किलोमीटर, लाखनीहून त्याहून दूर. पाऊण तासाच्या उपचारासाठी आईची दिवसाची मजुरी जाते. मुलाला मिसरूड फुटलं, अंगात जोर आला, की तेच चावणं शेजाऱ्यांना हल्ला वाटू लागतं आणि दाराला बाहेरून कडी लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं साखळीला बंदी घातली; कडीचं काय करायचं ते घरानं बघायचं. म्हणून ही विद्या अंगणवाडीच्या ताईच्या, फिरत्या विशेष शिक्षकाच्या, थोरल्या बहिणीच्या हाती यायला हवी. वही आणि वाटीला फार खर्च येत नाही.

एक आक्षेप मी मनापासून मान्य करतो. मोठे झालेले स्वमग्न लोक सांगतात की त्यांना नजरेला नजर द्यायला, हात न हलवता बसायला भाग पाडलं गेलं, आणि त्याचा ओरखडा राहिला. हात फडफडवणाऱ्या मुलानं कुणाचं काय बिघडवलं? तिथं कायले हा प्रश्न आपल्याला विचारायचा आहे: आपल्याला ते कायले थांबवायचंय? पाहुणे येतात म्हणून?

त्या घरातल्या वहीची शेवटची पानं नंतर पाहिली. मुलीनं स्वतःहून एक नवं पान आखलं होतं, वडिलांच्या नावानं. आधी काय झालं: भाजीत मीठ कमी. काय केलं: बाबा ओरडले. मंग काय झालं: सगळे गप्प बसले.