हिरवा ठिपका

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. चंद्रपूरचा मे महिना कसा असतो हे चंद्रपूरकराला सांगावे लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. दुपारचे तीन वाजले होते. खिडक्यांना जाड पडदे, कोपऱ्यात कूलरची घरघर, आणि त्या अर्धवट अंधारात मी संगणकापुढे बसलो होतो. पुण्याच्या एका हिशेबतपासनिसांच्या कचेरीचे काम मी घरी बसून करतो. त्या वेळी कचेरीची सभा चालू होती. पडद्यावर आठ चौकटींत आठ चेहरे, आणि माझ्या दोन्ही कानांत ती यांत्रिक बोंडे. शेजारच्या खाटेवर माझे वडील पडले होते. मध्येच त्यांनी काही विचारले असावे. मी सभेतल्या कुणाला तरी "हो, हो, नक्की" म्हणालो. त्यांनी आणखी काही विचारले. मी पुन्हा "हो" म्हणालो. सभा संपली, मी बोंडे काढून ठेवली, तो बाबा खाटेवर उठून बसलेले आणि माझ्याकडे पाहत असलेले.

"कोनाले हो म्हनला तू?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, "पुण्याच्या लोकांना."

"मंग ठीक आहे," असे म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

त्यांनी विचारले होते, "मले एकडाव आलापल्लीले नेशीन का?" हे मला संध्याकाळी सौ.कडून कळले. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती. माझा होकार ऐकून बाबांचा चेहरा कसा उजळला आणि मग कसा पडला, हेही तिने पाहिले होते. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे. न ऐकता दिलेला शब्द माणसाला बांधतो की नाही? हिशेबाच्या धंद्यात याचे उत्तर सोपे आहे. न वाचता केलेली सही ही सहीच असते.

या यंत्रांची निंदा करायला मी हे लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांचे माझ्यावर उपकार आहेत. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा मी पुण्यात दोन खोल्यांत राहत होतो आणि बाबा इकडे एकटे होते. कचेरीने कामे घरी नेण्याची परवानगी दिली, आणि प्रवास खुला होताच मी ते घर गुंडाळून चंद्रपूरला आलो. पंचवीस वर्षे जे जमले नव्हते ते या पेटीने जमवले. आज एकाच हिशेबाच्या तक्त्यावर पुण्याचा, सोलापूरचा आणि माझा असे तिघांचे हात एकदम चालतात. कुणी कोणता आकडा कधी बदलला याची नोंद आपोआप राहते, त्यामुळे "मी नव्हतो, साहेब" हे कचेरीतले सनातन वाक्य कायमचे निकालात निघाले. मराठी टाइप करण्याचा मला कंटाळा. मी बोलतो आणि यंत्र लिहून घेते, 'ताळेबंद'चे 'टाळे बंद' करते खरे, पण घेते. आमच्या औष्णिक केंद्राची 2920 मेगावॅटची वीज तारांवरून दूरदूरच्या शहरांना जाते. आता आम्हीही तारेवरूनच जातो आणि रात्री घरी जेवतो. (त्या केंद्राच्या गावात राहून मला वादळवाऱ्याच्या दिवसांसाठी बॅटरी बाळगावी लागते, ही गोष्ट वेगळी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.) कोळशाच्या खाणीत उतरणाऱ्या माझ्या शेजाऱ्याला ही सोय नाही. कोळसा घरी बसून निघत नाही. सकाळी तो पाळीला निघतो तेव्हा मी अंगणात चहा घेत असतो, आणि मला दरवेळी थोडे ओशाळल्यासारखे होते.

जॅक नाइल्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने 1973 च्या सुमारास, दुरून काम करण्याच्या या पद्धतीला प्रथम नाव दिले, असे सांगतात. नाव नवे असेल, पण गोष्ट आमच्या मुलखाला नवी नाही. मे महिन्यात गडचिरोलीच्या कोणत्याही गावात जाऊन पाहा. पहाटे सारे घर तेंदूची पाने तोडायला रानात जाते, आणि दिवस चढला की ओसरीत बसून म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात. घराचा कारखाना होतो. मात्र संध्याकाळी ते पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे असतात. मोजून झाले की काम त्या रात्रीपुरते घराबाहेर जाते. अंगण झाडले जाते, खाटा पडतात.

बाबांची नोकरीही घरूनच होती म्हणायला हरकत नाही. ते वनरक्षक होते. गडचिरोलीचा वेगळा जिल्हा 26 ऑगस्ट 1982 ला झाला. त्याच्या कितीतरी आधी, तो सारा भाग चांदा जिल्ह्यात होता तेव्हापासून, त्यांनी आलापल्लीच्या बाजूच्या सागवनांत नोकरी केली. नाक्यालगतच दोन खोल्यांचे घर, तेच कचेरी. कामाला वेळकाळ नसे. मध्यरात्री कुणी वणव्याची खबर घेऊन येई, कुणी चोरट्या तोडीची. पण एक पद्धत होती. येणाऱ्याला दार वाजवावे लागे. आई कंदील घेऊन दार उघडी. कधी म्हणे, "जेवायले बसले आहेत, बसा." आलेला माणूस ओट्यावर बसे, तिथून त्याला चूल दिसे, ताटावर बसलेला माणूस दिसे, तापाने फणफणलेला मी दिसे. एखादा म्हणे, "राहू द्या, सकाळी आलो तरी चालते." वणवा असेल तर अर्थातच कुणी थांबत नसे, बाबा हातचा घास टाकून उठत. तात्पर्य हे की ज्याला काम सांगायचे आहे त्याला आधी घर दिसत असे, आणि घर पाहिल्यावर काम केवढे आहे हे त्याचे त्यालाच पुन्हा तोलावे लागत असे.

माझ्याकडे काम दार वाजवीत नाही. ते खिशात थरथरते.

आणि माझे घर त्याला दिसत नाही, याची व्यवस्था मीच केली आहे. सभेच्या यंत्रात एक सोय असते: बोलणाऱ्याच्या मागचे सारे धूसर करून टाकायचे. मला ती फार आवडली, कारण माझ्या मागे खाट, औषधांच्या बाटल्या आणि दोरीवरचे धोतर असते. एकदा बाबा पाणी घ्यायला माझ्या मागून गेले. पडद्यावर एक करडा ढग सरकला. बाबांनी वाकून पाहिले आणि कुतूहलाने विचारले, "मी कुठं आहो रे याच्यात?" यंत्राने मला माणूस ठरवले होते आणि त्यांना भिंत. दुसरी एक सोय आवाज गाळते. कूलरची घरघर ती गाळून टाकते आणि त्याबरोबर बाबांचा खोकलाही. सभेतल्या मंडळींना वाटते, हा गृहस्थ किती निवांत जागी राहतो!

राहिला तो हिरवा ठिपका. नावापुढे तो लागलेला असला की माणूस हजर, विझून करडा झाला की गैरहजर. शाळेत हजेरी एकदा होई. ही क्षणोक्षणी चालते. कबूल करतो, की बाबांचे पाय चेपता चेपता मी दुसऱ्या हाताने अधूनमधून ते बोटभर यंत्र हलवीत असतो, ठिपका विझू नये म्हणून. म्हणजे कचेरीशी खोटे बोलतो. आणि पाय चेपताना मन तक्त्यातल्या जुळत नसलेल्या रकमेवर असते, म्हणजे बाबांशीही खोटेच. जमा दोन्ही खात्यांवर दाखवावी आणि रोकड एकातही नसावी, असा हा हिशेब. दुसऱ्या कुणाच्या वहीत सापडला असता तर मी त्यावर लाल शाईने शेरा मारला असता.

इथवरचे पाप माझ्यापुरते होते. पुढचे तसे नाही.

माझ्या हाताखाली एक मुलगी काम करते. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाची वाणिज्य पदवीधर, हुशार. कुरखेड्याच्या पलीकडे तिचे गाव. दिवसा ती कुरखेड्याला आत्याकडे येऊन काम करते आणि संध्याकाळी गावी परतते. तिचे घरून काम दुसऱ्याच्या घरून चालते असे म्हणा. तिच्याही मागची भिंत सदैव धूसर. बाबा झोपले की रात्री साडेदहाच्या सुमारास मी राहिलेली कामे उरकतो, आणि सुचेल तसे दोन-तीन निरोप तिला धाडून देतो. माझी समजूत अशी, की टपालपेटीत पडलेल्या कार्डासारखे ते सकाळपर्यंत पडून राहतील. वर्षभर हे चालले. एकदा सहज बोलता बोलता ती म्हणाली, "सर, आमच्या घरात रेंज नाही ना. गावाबाहेर मोहाच्या झाडापाशी येते. जेवणं झाली की भावाला घेऊन मी तिथं एक फेरी मारून येते, तुमचा निरोप असतो म्हणून."

2021 साली छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि कुरखेडा-आरमोरीच्या त्या पट्ट्यात वावरू लागला. बिबटे आणि अस्वले तर तिथली जुनीच. आणि माझे निरोप काय होते? 'उद्या व्हाउचर नंबर तपासणे.' 'कालची फाइल पुन्हा पाठवणे.' हे सांगायला एखादा माणूस रात्री अकरा वाजता रान तुडवीत तिच्या दारापर्यंत गेला असता काय? मी तरी गेलो असतो काय? अर्ध्या वाटेतून परत फिरलो असतो. मला फक्त अंगठा हलवायचा होता. चालायचे काम तिने केले.

मी तिला विचारले, "आधी का नाही सांगितले?" विचारल्यावर लगेच कळले, की हा प्रश्न विचारण्याचा मला अधिकार नाही. ती आपल्या मागची भिंत झाकते ते योग्यच करते. आत्याच्या आठ माणसांच्या घरातली गर्दी आणि न गिलावलेल्या विटा पुण्याच्या साहेबांनी का पाहाव्यात? गरिबाला आपले घर न दाखवण्याचाही अधिकार असतो, आणि तो त्याला यंत्राने मिळवून दिला याचे मला बरेच वाटते. पण त्या पडद्यामुळे माझी जबाबदारी वाढली होती, आणि मी ती कमी झाली असे धरून चाललो होतो. ओट्यावर बसणाऱ्याला न विचारता जे दिसत असे, ते मला विचारून घ्यायला हवे होते. वर्षभरात मी तिला हजार प्रश्न विचारले असतील. घरी रेंज असते का, हा त्यांत नव्हता.

कायद्याने हे सुटेल असे काहींना वाटते. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेरील निरोपांविषयी नोकरांशी वाटाघाट करावी लागते. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी 2018 साली लोकसभेत अशाच आशयाचे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. झाला असता तर मला आनंदच होता. पण मी काही कुणा बलाढ्य मालकाची बाजू चालवणारा माणूस नव्हे. मी स्वतःच नोकर, माझ्याही खिशात रात्री थरथरते. तरीही हाताखाली एकच जीव मिळताच मी त्याला मोहाच्या झाडापर्यंत चालवले. कोणत्या कलमाने मला अडवले असते, मला सांगता येत नाही.

गमतीची गोष्ट अशी, की यावरचा उपायही त्याच यंत्रात होता. निरोप रात्री लिहून सकाळी दहाला पाठवण्याची सोय पत्रांच्या खिडकीत पहिल्यापासून माझ्या बोटाखाली होती. 'व्यत्यय नको' अशी पाटी लावण्याचीही होती. दारे सुताराने चांगली करून दिली होती. लोटायची कुणी, एवढेच राहिले होते. आता मी रात्री लिहितो, आणि निरोप सकाळी जातो. तिला तसे सांगितले. "बरं सर," म्हणाली. पुढे आठवडाभर ती तरी झाडापर्यंत जाऊन पाहतच होती, असे नंतर कळले.

आता आलापल्ली. शब्द दिला मे महिन्यात, पाळायला भाद्रपद संपला. मध्ये अर्थातच कामे होती. एका रविवारी पहाटे गोंडपिपरीच्या रस्त्याने निघालो. आष्टीच्या पुलाखाली वैनगंगा दोन्ही काठ भरून गढूळ वाहत होती. पुलापलीकडे गेल्यावर बाबा खिडकीला लागून बसले ते बोलेचनात. सागाची झाडे सुरू झाली. मला वाटले ते जुन्या आठवणी सांगतील. पण ते तोंडातल्या तोंडात काही मोजीत होते. पुढे दाट रानात रेंज गेली. ठिपका विझला असणार. तो मी विझवला नव्हता, हे मला कळत होते.

नाक्याशी गाडी थांबवली. जुन्या घराची कौले जाऊन पत्रे आले होते. बाबा काठी टेकीत ओट्यावर चढले आणि काठीच्या मुठीने त्यांनी दारावर दोनदा वाजवले. एका तरुण बाईने अर्धे दार उघडले, या अनोळखी म्हाताऱ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "जेवायले बसले आहेत. बसा ना बाबाजी."

माझ्या खिशात थरथरले. रेंज आली होती.

बाबा ओट्यावर मांडी घालून बसले होते. मला म्हणाले, "बस. जेवू दे त्याले."