प्रिंट निघाली, प्रत मागे राहिली

जून-जुलै आला की नगर जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांबाहेर, मग ती संगमनेरची असो की पाथर्डीची, झेरॉक्सच्या दुकानांत आणि सेवा केंद्रांत मुलांची, पालकांची दाटी होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमिलेअर, आधार, पासबुकाचं पहिलं पान. ‘‘मेल टाकलाय दादा, प्रिंट काढा,’’ म्हणायचं, कागद घ्यायचा, पैसे द्यायचे आणि गर्दीतून वाट काढत निघायचं. व्यवहार पुरा झाला, असं दोघांनाही मनापासून वाटतं.

संगणकाच्या लेखी तो पुरा झालेला नसतो. मेलमधली फाइल उघडताना तिची एक प्रत बहुतेक वेळा त्याच्या डिस्कवर उतरते. ब्राउझरमधून उतरवलेली प्रत निदान डाउनलोड्समध्ये दिसते. आउटलुकसारख्या प्रोग्रॅममध्ये अटॅचमेंट थेट उघडली, तर तिची प्रत तात्पुरत्या फाइलींच्या अशा फोल्डरात जाते, जे रोजच्या वापरात नजरेलाच पडत नाही. फाइल बंद केली की ही प्रत सहसा पुसली जाते. पण फाइल उघडी असतानाच प्रोग्रॅम बंद पडला, वीज गेली, तर ती तिथेच राहू शकते. नंतर मूळ मेल काढून टाकला तरी तिला धक्का लागत नाही.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने एका पत्रकात याबद्दल सावध केलं होतं. सार्वजनिक संगणकावर ई-आधार उतरवू नका, उतरवलंच तर सगळ्या प्रती कायमच्या पुसा. त्याच पत्रकात आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका असंही होतं. त्यावरून गोंधळ उडाला आणि दोन दिवसांत केंद्र सरकारने पत्रक मागे घेतलं. प्रती पुसण्याचा सल्ला मात्र तेव्हाही योग्य होता आणि आजही आहे. ई-आधारला पासवर्ड असतो खरा. पण तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल. त्याच फोल्डरात पडलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख दोन्ही असतात.

प्रश्न आहे तो हा सल्ला पाळायचा कुणी. अकोले तालुक्याच्या डोंगरातून लेकीच्या प्रवेशासाठी आलेल्या आईने काउंटरपलीकडे हात घालून दुसऱ्याचा संगणक साफ करायचा का? अशी प्रत उरते, हेच तिला कुणी सांगितलेलं नाही. म्हणून माझ्या मते ही जबाबदारी ज्याचा संगणक त्याची. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे: काम संपलं की माहिती हाताळणाऱ्याने ती पुसावी. केंद्रचालक वाईट असतात असं मी म्हणत नाही. आडगावच्या माणसाला सरकारी पोर्टलपर्यंत नेण्याचं मोठं काम ते करतात. पण त्याच संगणकावर दिवसभर कितीजण बसतात, तो दुरुस्तीला कुठे जातो, जुना झाल्यावर कोण विकत घेतो, यावर त्यांचा तरी ताबा कुठे असतो?

सरकारी फाइल जनतेला पाहता आली पाहिजे, ही मागणी राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी याच जिल्ह्यातून लावून धरली. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यामागे ते आंदोलन होतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. सत्तेचा कारभार उघडा आणि साध्या माणसाचा कागद झाकलेला, या दोन्ही गोष्टी मला एकाच न्यायबुद्धीच्या वाटतात. पहिलीसाठी आपण उपोषणं केली. दुसरीबद्दल गावपातळीवर साधं बोलणंही होत नाही.

केंद्रचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रिंट दिली की गिऱ्हाइकासमोरच त्याची फाइल काढा, मेल लॉगआउट करा. रात्री शटर ओढण्याआधी डाउनलोड्स, तात्पुरत्या फाइली आणि रिसायकल बिन रिकामं करा. आणि वाचकहो, जिथे चालत असेल तिथे शेवटचे ४ आकडेच दाखवणारं मास्क्ड आधार द्या, आणि निघण्याआधी ‘‘माझी फाइल काढली का?’’ एवढं नक्की विचारा.