फळ काट्यावर

ऑक्टोबर 2025मध्ये इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या इयन आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा काट्यावर चढला. आकडा आला 1278.8 किलो. जागतिक विक्रम! फळावर डोळा न ठेवता कर्म करावं, असं गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. या खेळात मात्र काट्यावर फळच चढतं. मशागत आणि जागरणं कोणी तोलत नाही.

खरी पंचाईत गीतेच्या अठराव्या अध्यायात आहे. तिथे कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना हालचाली आणि पाचवं दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असं भाष्यकार सांगतात. भोपळ्यापुरतं त्याला वावर म्हणायला हरकत नसावी. मग या 1278 किलोंतले कर्त्याचे किती?

कर्त्याची बाजू लंगडी नाही. मादी फूल उद्या उमलणार असं दिसलं, की आदल्या संध्याकाळीच त्याचं तोंड बांधतात, म्हणजे मधमाशी परस्पर सोयरीक जुळवत नाही. उजाडता उजाडता ठरलेल्या वेलाचं नर फूल खुडायचं, पाकळ्या ओरबाडून टाकायच्या आणि परागांनी माखलेला मधला दांडा मादी फुलाच्या कुक्षीवर हलक्या हातानं फिरवायचा. मग तोंड पुन्हा बंद. पुढे वेलावर एकच फळ राखतात. बाकीची, चांगली धरलेलीसुद्धा, छाटतात. भरात आलेलं ते एक फळ दिवसाला 20 किलोंनी फुगतं आणि स्वतःच्याच वजनानं बसकं होतं. तडा आतल्या पोकळीपर्यंत गेला, की स्पर्धेतून बाद.

पण कष्ट तर विल्यम वॉर्नॉक यांनीही केलेच असणार. कॅनडातल्या या शेतकऱ्यानं 1904मध्ये सेंट लुईसच्या प्रदर्शनात 403 पौंडांचा, म्हणजे सुमारे 183 किलोंचा भोपळा नेला. तो विक्रम 1976पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

आजचा आकडा त्याच्या सातपट आहे. माणसं सातपट मेहनती झाली म्हणून?

मधल्या काळात नोव्हा स्कोशियातल्या विंडसरचे हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षं निवड करत ‘अटलांटिक जायंट’ हे वाण घडवलं आणि 1979 ते 1982 सलग चार वर्षं जगज्जेतेपद राखलं. आजचे विक्रमवीर भोपळे त्याच वंशातले. योगवासिष्ठात दैव म्हणजे आपलंच पूर्वीचं कर्म, असं मांडलं आहे. भोपळ्याच्या वावरात ते दुसऱ्याचं पूर्वकर्म निघतं, आणि बी होऊन टपालानं घरी येतं.

तरी नाव लागतं ते कर्त्याचंच. 2012मध्ये रॉन वॉलेस यांनी 2000 पौंडांची वेस पहिल्यांदा ओलांडली; त्या भोपळ्याचं बी ‘2009 वॉलेस’ म्हणून ओळखलं जातं. आधी पौंड, मग आडनाव. अर्थात वंशावळीत आई-बाप भोपळेही तसेच, आपापल्या वजन-आडनावांनिशी नोंदलेले असतात. लग्नाच्या पत्रिकेत एवढी चिकाटी क्वचितच दिसते.

आणि फुटलेले भोपळे? त्यांचीही नोंद होते. वजनापुढे ‘डीएमजी’ लिहितात, म्हणजे इजा झालेला. काट्यावर ज्याला किंमत नाही, त्याचंही बी कोणीतरी जपून ठेवतं आणि पुढच्या वसंतात कुंडीतल्या उबदार मातीत टोचतं.