कशावरून?

दिवाळीची सुटी लागली, की आमच्या इमारतीमागच्या मोकळ्या जागेत विटा, दगड आणि जुनी पोती गोळा होऊ लागतात. दोन दिवसांत चिखलाने माखलेला एक डोंगर उभा राहतो, त्यावर मोहरी आणि हळीव पेरले जातात, आणि हिरवळ उगवली, की महाराजांपासून गवळणीपर्यंत सारी मातीची प्रजा आपापल्या जागी येऊन बसते. यंदा या किल्ल्याच्या जोडीला आमच्या नातीला आणखी एक काम होते. ती चौथीत आहे. शाळेने सुटीत एक प्रकल्प करून आणायला सांगितला होता, आणि तिने विषय निवडला होता शिवनेरी.

'आजोबा, तुम्ही सांगा, मी भराभर लिहिते,' वही उघडून ती माझ्यापुढे बसली.

सूचना मोठी सोयीची होती. मला शिवनेरीची थोडीफार माहिती आहे आणि पेन्शनीत निघालेल्या माणसाजवळ वेळ तर मुबलकच असतो. तासाभरात वही भरली असती आणि नात किल्ल्याकडे पळाली असती. पण मला चटकन हो म्हणवेना. त्याला कारण आहे, आणि ते सांगताना आजही मला थोडा संकोच वाटतो.

हिचे वडील हिच्याएवढे होते तेव्हाची गोष्ट. त्यांच्या शाळेत 'आपली नदी' या विषयावर तक्ता करून न्यायचा होता. चिरंजीवांनी काढलेली मुठा नदी मला गांडुळासारखी दिसली. मी ती बाजूला सारली आणि रात्री जागून स्वतःच तक्ता केला. निळ्या शाईची सुबक नदी, खडकवासल्याचे धरण, वळणदार अक्षरात मजकूर. त्या तक्त्याला पहिला नंबर मिळाला. मुलगा घरी आला, बक्षीस मिळालेली कंपासपेटी त्याने माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, 'बाबा, ही तुमची.' त्याच्या स्वरात राग नव्हता. ज्याची वस्तू त्याला द्यावी, इतक्या सरळपणाने तो बोलला. ती पेटी पुढे कित्येक वर्षे माझ्या खणात पडून होती. त्याने ती कधी मागितली नाही, आणि मला ती त्याला देण्याचा धीर झाला नाही.

आईबाप असे का करतात? वाईट हेतूने खासच नव्हे. मूल मागे पडेल ही धास्ती असते, त्याचे कष्ट वाचावेत ही माया असते, आणि कुठेतरी खोल आपलेच नाव व्हावे हा लोभही असतो. पण त्याचा परिणाम काय होतो तो पाहावा. त्याच वर्गात एखादी अशी मुलगी असते, की जिची आई चार घरची धुणीभांडी करून रात्री घरी येते. तिने आपल्या हाताने, खाडाखोड करीत, खरोखरच स्वतःचे असे काही केलेले असते. आमच्या निळ्या नदीपुढे तिचा कागद मलूल दिसतो. म्हणजे शर्यत लावायची मुलांची आणि धावायचे बापांनी! मी त्या रात्री माझ्या मुलाचे काम हिरावून घेतले, आणि माझ्या ओळखीच्याही नसलेल्या कुणा मुलीचे बक्षीसही कदाचित हिरावले. पहिली गोष्ट मला कंपासपेटीने शिकवली. दुसरी लक्षात यायला मात्र फार वर्षे लागली.

तेव्हा नातीला मी म्हणालो, 'मी सांगणार नाही. तू शोध. अडलीस की मला विचार.'

एवढे सांगून मी कर्तव्यातून मोकळा झालो असे मला वाटले. पण तोही एक कामचुकारपणाच होता. मुलाला 'शोध' म्हणणे आणि शोधायचे कसे ते न दाखवणे, म्हणजे पोहायला न शिकवता विहिरीत ढकलण्यासारखे आहे. नातीने आईचा मोबाइल घेतला आणि पाचच मिनिटांत दोन पाने उतरवून आणली. त्यात शिवनेरी हा 'सामरिकदृष्ट्या महत्त्वाचा' किल्ला असल्याचे लिहिले होते.

'सामरिक म्हणजे काय ग?' मी विचारले.

ती क्षणभर थबकली. 'म्हणजे... समोरचा.'

मला हसू आले, पण तिचा दोष तो काय? पूर्वी आम्ही पुस्तकातून उतरवीत होतो, आताची मुले पडद्यावरून उतरवतात. आता तर सांगितल्या विषयावर अख्खा निबंध रचून देणारी यंत्रेही आली आहेत. साधन बदलले; सवय जुनीच आहे. न कळलेले वाक्य आपल्या अक्षरात लिहिले, की ते आपले झाले, असा एक भ्रम आपण पिढ्यान् पिढ्या जोपासत आलो आहोत.

मग आम्ही रीतसर बसलो. 'तुला शिवनेरीविषयी काय जाणून घ्यायचे आहे?' असे मी तिला विचारले. तिने बराच विचार करून तीन प्रश्न लिहिले. महाराजांचा जन्म कधी झाला? गडावर पाणी कुठून येत असे? आणि तिथे लहान मुले काय खेळत? 'संपूर्ण माहिती' या अजस्र राक्षसाचे तीन प्रश्नांत तुकडे झाले, आणि तिला हुरूप आला.

पहिला प्रश्न तर हातचा मळ, असे आम्हा दोघांनाही वाटले होते. तिच्या पाठ्यपुस्तकात १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख होती. पण माझ्या वडिलांच्या कपाटातले एक जीर्ण पुस्तक तिने काढले, तर त्यात जन्मसाल १६२७! ती गोंधळून माझ्याकडे आली. 'आजोबा, पणजोबांचं पुस्तक खोटं बोलतं का?'

तिच्या शंकेत एक फार मोठा नीतीचा प्रश्न दडलेला होता. खोटे बोलणे वेगळे आणि चुकणे वेगळे, हे मी तिला प्रथम सांगितले. ते पुस्तक लिहिणाऱ्याजवळ पुढच्या काळात रचलेल्या बखरी होत्या, आणि त्यांत १६२७ चे साल होते. जे मिळाले ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. पुढे नवा पुरावा हाती आला. भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात शकांच्या क्रमाने घटना टिपून ठेवलेली एक यादी होती. लोकमान्य टिळकांनी ती मिळवून १९१६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात महाराजांची जन्मतिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी होती. महाराजांच्याच काळात परमानंदाने रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही तीच तिथी आढळली. असे एकाला दुजोरा देणारे दुसरे साक्षीदार मिळत गेले, विद्वानांत वर्षानुवर्षे वाद झाले, आणि अखेर २००१ साली महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली.

'म्हणजे साक्षीदार किती जवळचा होता ते पाहायचं!' ती म्हणाली.

मी चकित झालो. आपल्या नैयायिकांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि ज्याचा शब्द प्रमाण धरायचा तो आप्त, म्हणजे जाणता आणि खरे सांगणारा, असावा असे म्हटले. या पोरीने कुठलेही शास्त्र न वाचता त्याच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आमच्या दाराशीच आले. आमच्याकडे भाजी घेऊन येणाऱ्या मावशी मूळच्या जुन्नरकडच्या. नातीने त्यांना विचारले, तर त्यांनी भाजीची पाटी खाली ठेवून गंगा-जमुना टाक्यांचे वर्णन केले. कातळात खोदलेली टाकी, उन्हातून चढून गेल्यावर त्या पाण्याचा गारवा. लहानपणी शिवाईदेवीच्या दर्शनाला गेल्याचेही त्यांनी सांगितले. नातीने वहीत लिहिले, 'हे भाजीवाल्या मावशींनी सांगितले. त्यांनी स्वतः पाहिले आहे.' मोबाइलमधल्या दोन पानांपेक्षा मला त्या ओळीचे मोल अधिक वाटले. इतिहासाचार्य राजवाडे जुन्या कागदांसाठी गावोगाव हिंडले, लोकांच्या दारात उभे राहिले, आणि त्यातून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड उभे राहिले, त्यांतला पहिला १८९८ साली. त्या भगीरथ प्रयत्नांची आणि या वहीची तुलना कोण करील? पण दुसऱ्याच्या दारी जाऊन नम्रपणे विचारायचे, ही दोन्हींची सुरुवात एकच आहे.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. ती हिरमुसली आणि म्हणाली, 'मग हा प्रश्न खोडून टाकू?' मी म्हणालो, 'खोडू नकोस. शोधलं, पण मिळालं नाही, असं लिही.' तिला ते विचित्र वाटले. शाळेत रिकाम्या जागा भरण्याचे गुण मिळतात; जागा रिकामी आहे हे कबूल करण्याचे कुठे मिळतात? पण ज्याला 'मला ठाऊक नाही' हे म्हणता येत नाही, त्याच्या 'मला ठाऊक आहे' या म्हणण्यावर तरी आपण कसा विश्वास ठेवावा?

यावर माझ्या एका स्नेह्यांनी आक्षेप घेतला. ते म्हणाले, 'पोरांना असं कशावरून, कशावरून करायला शिकवलंत, तर उद्या ती देवालाही विचारतील आणि बापालाही. श्रद्धा म्हणून काही राहील का?' आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरांत 'कशावरून?' हा प्रश्न उद्धटपणात जमा होतो, आणि तो उद्धटपणे विचारताही येतो. शिवाय प्रत्येक गोष्ट स्वतः पडताळून पाहू म्हटले, तर आयुष्य पुरणार नाही. माणसाला विश्वास ठेवूनच जगावे लागते. पण म्हणूनच तो कुणावर आणि किती ठेवायचा, हे शिकायला नको का? आणि श्रद्धेचे म्हणाल, तर महाराजांच्या जन्मतिथीसाठी ज्यांनी डोळे फुटेस्तोवर मोडी कागद वाचले, त्यांची श्रद्धा काही कमी नव्हती. उलट ती इतकी खरी होती, की चुकीच्या तिथीवर तिचे समाधान होईना.

स्नेह्यांना हे पटले की नाही, कोण जाणे. मला मात्र त्याची किंमत लगेच मोजावी लागली. संध्याकाळी वही पुरी करताना नातीला मी सहज म्हणालो, 'शिवनेरीला सात दरवाजे आहेत, तेही लिही.'

'कशावरून?' तिने मान वर न करता विचारले.

तरुणपणी मी एकदा गड चढलो होतो. पण दरवाजे काही मोजले नव्हते. सात हा आकडा कुठल्याशा पुस्तकातला. कुठल्या, ते आठवेना. मी तसे तिला सांगितले. तिने ठळक अक्षरात लिहिले, 'किल्ल्याला सात दरवाजे आहेत. हे आजोबांनी सांगितले. आजोबा गडावर गेले होते, पण त्यांनी मोजले नव्हते.'

मी ती ओळ पुन्हा वाचली. बाहेर किल्ल्याच्या बुरुजावर कुणीतरी पणती लावली होती. भाऊबीज झाली, की सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघे जुन्नरला जाणार आहोत. तिचे वडीलही येतो म्हणाले आहेत. दरवाजे मोजायचे आहेत.