उचलीचे पान

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नंदुरबारच्या बाजारपेठेतून एकदा चालत जावे. हिशेब संगणकावर गेले, पण लाल चोपडी अजून येतेच. गादीवर पाट, पाटावर चोपडी, पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, दोन बाजूंना शुभ आणि लाभ, वर विडा, सुपारी, रुपया. शेठ, त्यांची मुले, सुना पुढे बसलेल्या असतात. दुकानातली पोरे-पोरी मागे, कपाटांना टेकून उभी. सकाळी आठपासून ती उभीच असतात. प्रसाद मिळाला की शेवटची बस गाठायची असते, आणि तोवर ती बस गेलेली असते.

बारावीनंतरच्या दोन दिवाळ्या मी एका कापडाच्या दुकानात काम केले. थान उलगडायचे, मापायचे, घडी घालून परत मांडणीत ठेवायचे. अक्षर बरे म्हणून दुसऱ्या वर्षी जुन्या चोपडीतली बाकी नव्या चोपडीत उतरवायला मला बसवले. आधी गिऱ्हाइकांची खाती, मग सुरतेच्या व्यापाऱ्यांची, आणि अगदी शेवटी नोकरांची. प्रत्येक पानावर वर नाव आणि खाली उचल. आईच्या दवाखान्याला एवढे, बहिणीच्या लग्नाला एवढे, होळीला एवढे. बाजूला महिन्यावार खाडे. एकेक पान उतरवत गेलो तेव्हा लक्षात आले की माणसाने दुकानाचे किती देणे आहे ते पैपैने लिहिले आहे, आणि दुकानाने माणसाचे किती देणे आहे ते कुठेच नाही. जास्त बसलेले तास नाहीत, न घेतलेल्या सुट्या नाहीत, किती वर्षे झाली तेही नाही. एका काकांना त्या दुकानात एकोणीस वर्षे झाली होती. चोपडीत ते एकोणीस वर्षे देणेकरीच होते.

शेठ दुष्ट नव्हते, हे मला सांगितलेच पाहिजे. काकांच्या मुलाला ताप आला तेव्हा रात्री गाडी काढून तेच दवाखान्यात घेऊन गेले. ‘हा आमच्या घरचाच माणूस’ असे ते काकांबद्दल सांगत आणि त्यांना ते खरेच वाटे. माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. घरच्या माणसाचा खाडा कोण धरतो?

या जिल्ह्याला हे नाते नवे नाही. खानदेशात सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचे, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होते आणि पुढच्या आखाजीला संपते. सालाचा आकडा ठरतो, त्यातली काही रक्कम आधी उचल म्हणून मिळते, त्याशिवाय ठरल्याप्रमाणे धान्य, कपडे. दिवसाचे तास कोणी मोजत नाही. रात्री पाण्याची पाळी आली तर रात्री, गाय व्यायला झाली तर पहाटे. आजारी पडला तर खाडा. उचल फिटली नाही तर साल पुढे सरकते आणि माणूस त्याच खळ्यात राहतो. दुकानातला पगार आज महिन्याचा असला तरी त्याचे व्याकरण सालदारकीचेच आहे. आधी उचल, मग मुदत नसलेले काम, आणि सणाला कपडे. शेतातल्या बापाचे जे साल होते तेच पोराच्या वाट्याला काउंटरमागे आले, फक्त डोक्यावर पंखा आला.

१९७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत याच शहादा-तळोद्याच्या पट्ट्यात आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. गहाण पडलेल्या जमिनींबरोबर सालदारांच्या अटींचा आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. स्त्रिया पुढे आल्या, दारूच्या भट्ट्या फुटल्या. त्याच दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली, पुढे १९७७ साली तिचा कायदा झाला. खडी फोडण्याचे का होईना, दुसरे काम गावाजवळ मिळू लागले की सालदाराला ‘या आकड्यात नाही जमणार’ असे म्हणता येते. मला त्या काळातून सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही आहे. मजुरीचा आकडा मालकाच्या मनाच्या मोठेपणापेक्षा मजुराच्या हातात दुसरा पर्याय आहे की नाही यावर जास्त ठरतो.

आज तो पर्याय रेल्वेने सुरतेला जातो. दुकानदारांच्या बैठकीत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘पोरं टिकत नाहीत हो. सहा महिने शिकवायचं, हात बसला की सुरत. मन लावून काम करणारा राहिलाच नाही.’ ही तक्रार मी टाळत नाही, ती खरी आहे. अर्धवट शिकलेले पोरगे लुगड्याच्या जागी पाचवारी दाखवते, माल कुठे ठेवला ते त्याला सापडत नाही, गिऱ्हाईक उठून जाते. पण त्या पोराचे मन नाही हे निदान चुकीचे आहे. त्याने मन लावूनच हिशेब केला आहे. खोलीभाडे वजा जाऊन सुरतेत काय उरते आणि इथे काय उरते हे तो बोटांवर सांगतो. त्याच्या ओळखीची कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि महिनोन् महिने पालात काढतात. घराजवळचे काम कोणाला नको आहे? त्याला राहायचे असते. राहण्यासारखे काही दिसत नाही, म्हणून तो जातो.

‘अकुशल’ या शब्दाबद्दलही बोलले पाहिजे. होळीच्या आधीच्या आठवड्यात, भोंगऱ्याच्या बाजाराच्या दिवसांत, सातपुड्यातली कुटुंबे खरेदीला उतरतात. धडगावकडचे पावरी बोलतात, नवापूरकडचे मावची. शहाद्याच्या गुजर घरातल्या सासूबाई गुजरीत घासाघीस करतात, शहरातला माणूस ‘कितला?’ म्हणत अहिराणीत, आणि ठोक व्यापाऱ्याचा फोन गुजरातीत येतो. पहाडातली बाई दुकानात शिरली की पहिल्यांदा बोलत नाही, बोटांनी कापड चाचपते. गादीवरचे शेठ मराठीत किंवा हिंदीत बोलले की ती मागे सरते. तेवढ्यात मांडणीजवळची एखादी पोरगी तिच्या बोलीत काहीतरी म्हणते, आणि ती बाई खाली बसते. मग सगळ्या घरासाठी कापड निघते. त्या दिवशीचा धंदा त्या एका वाक्यावर झालेला असतो. चार-पाच बोली, कुठल्या पाड्यात कुठला काठ चालतो याची माहिती, नवऱ्याला न दुखावता बायकोची पसंती पुढे सरकवायची हातोटी: हे कौशल्य नाही तर काय आहे? पण पगार ठरवताना ती ‘नवीन पोरगी’ असते, तीन वर्षांनीही.

योग्य पगार म्हणजे किती, हे कोणी मोजलेच नाही असे नाही. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनाची मापे ठरवली. एका कमावत्यामागे तीन प्रौढांइतके खाणारे धरायचे, दर माणशी २,७०० उष्मांक, घरभाडे, जळण-दिवाबत्ती, आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. कापडाच्या दुकानातला माणूस सणाच्या दिवसांत ७२ वार कापड जेवणाच्या सुट्टीआधी मापून मोकळा होतो. त्याच्या घरात वर्षाला तेवढे जाते का, हा प्रश्न त्याच्या हातातल्या मीटरपट्टीलाच विचारता येईल. पुढे १९९१ मध्ये रेप्टाकॉस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यात आणखी भर घातली. मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपणाची आणि लग्नाची तरतूद, यांसाठी किमान वेतनाचा २५ टक्के भाग असावा असे म्हटले. म्हणजे सण हा वेतनाचा भाग आहे. दिवाळीला मिळणारा साडी-शर्ट आणि मिठाईचा डबा ज्या मायेने दिला जातो ती माया मी नाकारत नाही. पण पगारात जे यायला हवे होते तेच रंगीत कागदात गुंडाळून आले, तर त्याबद्दल वाकून नमस्कार का करावा लागावा?

कायदा मात्र दारातच थांबतो. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा रोजच्या तासांची मर्यादा, आठवड्याची सुटी, जादा कामाला दुप्पट दर, ओळखपत्र असे सगळे देतो, पण मुळात तो लागू होता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांनाच. त्याहून लहान दुकानाने धंदा सुरू केल्याची सूचना दिली की झाले. २०२५ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही रेषा वीसवर नेण्याचा आणि रोजचे तास नवाचे दहा करण्याचा निर्णय घेतला. बोनसचा १९६५ चा कायदाही साधारण वीस माणसांपासून सुरू होत असे. त्यातला ८.३३ टक्के हा किमान दर म्हणजे बाराव्या हिश्श्याचा, तेराव्या पगाराचा हिशेब. शहाद्याच्या किंवा तळोद्याच्या पेठेत वीस नोकरांची दुकाने किती, ते कोणीही चालता चालता मोजावे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली. इथल्या छोट्या दुकानात आजही सुटी म्हणजे खाडा.

किमान वेतनाला माणसांच्या संख्येची अट नाही, एक नोकर असला तरी ते लागू आहे. दर वर्षी जानेवारी आणि जुलैत महागाईनुसार विशेष भत्ता बदलतो. पण हा दर नोकराला माहीत नसतो, आणि मागायचा झाला तर पगार मिळाल्याचा कागदच नसतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. इथल्या प्रत्येक पोरीकडे ती कोण आहे याचा कागद आहे. ती कुठे, कधीपासून, किती पगारावर काम करते याचा कागद नाही. नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, तिथल्या बाकावर बसून फोटो काढायला लोक हौसेने जातात. त्या बाकाच्या दोन टोकांना किमान वेतनाचे दरही दोन आहेत, कारण ते राज्ये ठरवतात. केंद्राने सुचवलेला देशभराचा तळाचा दर २०१७ मध्ये रोज १७६ रुपये होता. सव्वीस दिवसांचे ४,५७६ होतात. त्यात चार माणसांचे घर चालवून दाखवावे.

पैसा हाच सगळा प्रश्न आहे असे मला वाटत नाही. कोळिकोडच्या मिठाई गल्लीतल्या साड्यांच्या दुकानांत बायकांना दिवसभर बसायला मनाई होती, लघवीला जायची सोय नव्हती. पी. विजी या शिवणकाम करणाऱ्या बाईने त्यांना ‘पेनकूट्ट’ या संघटनेत गोळा केले. पहिली मागणी स्वच्छतागृहाची होती, मग बसण्याची. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून दुकानात बसायची सोय सक्तीची केली, २०२१ मध्ये तमिळनाडूने. कारखान्यांच्या कायद्यात ती तरतूद १९४८ मध्येच आली होती. एक स्टूल ठेवल्याने कुठलेच दुकान बुडत नाही. पण स्टूल ठेवणे म्हणजे या माणसाचे पाय दुखतात हे मान्य करणे असते, आणि ज्याचे पाय दुखतात हे मान्य झाले त्याचे बाकीचेही मान्य करावे लागते.

फोर्डचे उदाहरण व्यवस्थापनाच्या वर्गात फार दिले जाते. १९१३ साली सुमारे १४,००० माणसे कामावर टिकवायला त्यांना वर्षभरात ५२,००० हून अधिक भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये रोज पाच डॉलर जाहीर केले आणि ही गळती आटोक्यात आली. खरे आहे. पण त्या पाच डॉलरांबरोबर कंपनीचे निरीक्षक कामगाराच्या घरात शिरत, तो पितो का, घर नीट ठेवतो का ते बघत. पैसे देऊन माणसाच्या घरावर हक्क सांगायची वृत्ती आपल्या ‘घरच्या माणसा’च्या फार जवळची आहे. मला ते उदाहरण नको.

त्यापेक्षा जवळचे, आपल्याच राज्यातले उदाहरण बाजार समितीच्या आवारात आहे. नंदुरबारला मिरचीचा हंगाम लागला की पथाऱ्या लाल होतात, गाड्या येतात, पोती चढतात-उतरतात. हमालाला एक मालक नसतो. सकाळी या अडत्याचे, दुपारी त्या व्यापाऱ्याचे. म्हणूनच त्याला हक्क देणे अशक्य, असे एके काळी सगळे म्हणत. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यावर तोडगा काढला. मालकांनी आणि टोळ्यांनी मंडळाकडे नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधपाणी हे मंडळाने बघायचे. एकेका लहान व्यापाऱ्याला जे पेलत नाही ते सगळ्या बाजाराने मिळून पेलायचे. अंमलबजावणीत भोके आहेत, नोंदीबाहेर राहिलेले हमाल पुष्कळ आहेत. आणि पथारीवर मिरचीचे देठ खुडणाऱ्या, वजनावर मजुरी घेणाऱ्या, रात्रभर हातांची आग सोसणाऱ्या बायांना सालभराची काहीच हमी नसते. तरीही नोंदीतल्या हमालाने दुकानाच्या दारात गठ्ठा उतरवला तर त्याच्या नावावर कुठेतरी काही जमा होते. तोच गठ्ठा आत नेऊन उलगडणाऱ्या पोरीच्या नावावर काही जमा होत नाही.

पेठेतल्या दुकानांसाठी असे मंडळ का असू नये? दुकानागणिक नाही, पेठेगणिक. दोन नोकरांच्या शेठनी आपल्या दोन माणसांची लेव्ही भरावी. पोरगी या दुकानातून त्या दुकानात गेली तरी तिची वर्षे तिच्याबरोबर जावीत. पुरेसे भरणारी आणि बुडवणारी दुकाने एकमेकांशी भावात लढणार नाहीत, कारण भार सगळ्यांवर सारखा असेल. आज जो शेठ बरा पगार देतो त्याला शेजारचा मागे टाकतो, हे त्याचे दुखणे मी अनेकदा ऐकले आहे आणि ते खोटे नाही. तोही सकाळपासून रात्रीपर्यंत गल्ल्यावर बसतो, त्याचा मुलगा बिनपगारी बसतो, मोबाइलवरून घरपोच येणारा माल त्याचे गिऱ्हाईक नेतो. ज्या पाड्यावरच्या बाईशी मोबाइल तिच्या बोलीत बोलत नाही तिच्याशी बोलणारी पोरगी ही त्याची खरी भांडवल-ठेव आहे, आणि ती पुढच्या महिन्यात सुरतेची गाडी पकडणार आहे.

मंडळ व्हायला वर्षे लागतील, आणि भांडल्याशिवाय होणार नाही. चोपडीला मात्र यंदाच्या लक्ष्मीपूजनाची वेळ पुरते. नोकराच्या पानावर डावीकडे उचल आहे. उजवीकडे त्याचे लिहावे: कामाला लागल्याची तारीख, ठरलेला पगार, जादा बसलेले तास, राहिलेल्या सुट्या. खाली त्याची सही, आणि त्याच पानाची एक प्रत त्याच्या खिशात. काका मागच्या वर्षी गेले. त्यांच्या पानावरची शेवटची बाकी शेठच्या मुलाने माफ केली, असे मला सांगण्यात आले. दुकानाकडे त्यांचे किती राहिले होते, हे सांगता येईल असे पानच नव्हते.