यादीतलं शेवटचं काम

घराचा ताबा मिळायला पंधरा दिवस उरले, तशी सुनेने शंभर पानी वही काढली आणि यादी करायला बसली. २०२३ सालची गोष्ट. बदलापूरला दोन खोल्यांचा फ्लॅट. दोघांच्या आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर. खरं सांगायचं तर आमच्या कुटुंबातलंच पहिलं. गॅसची जोडणी नव्या पत्त्यावर नेणे, विजेचं मीटर बिल्डरच्या नावावरून उतरवणे, पाणी किती वाजता येतं ते विचारणे, पडद्यांची मापं, झाडू, बादली, खिळे, हातोडी. पहिल्या पानावर सगळ्यांत वर मात्र तिने आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे लिहिलं होतं : कुराण, जानमाज, मीठ, तांदूळ, पाण्याने भरलेला तांब्या. या गोष्टी आधी आत जातात, मग माणसं आणि मग सामान.

शेवटच्या पानावर एक ओळ होती : ‘मामूंना सांगणे.’ त्या ओळीपुढे बरेच दिवस खूण झाली नाही.

मामू म्हणजे माझे थोरले भाऊ. त्यांना सांगायचं काम अखेर माझ्याकडे आलं. सगळं ऐकून भाईजान शांतपणे म्हणाले, “मुबारक असो. दुआ करीन. पण कुराणखानीला मला बोलावू नका. व्याजाच्या पैशाने उभ्या राहिलेल्या घरात मी वाचायला बसणार नाही.”

मला राग आला, तरी त्यांना ढोंगी म्हणायला जीभ रेटली नाही. या माणसाने आयुष्यभर बँकेचं कर्ज घेतलं नाही. बचत खात्यावर जे व्याज जमा होई, ते काढून पुण्याची अपेक्षा न धरता गरजूला देऊन टाकत आले. त्यांच्याबरोबर नोकरीला लागलेल्यांची घरं झाली, मुलांच्या नावावर दुसरी घरं झाली; हे कुर्ल्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात राहिले. तत्त्वाची किंमत ज्याने स्वतःच्या खिशातून मोजली आहे, त्याच्याशी वाद घालताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

आणि मुद्दा काही खोटा नव्हता. वीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षांची मुदत. हप्ता १७ हजार ३५६ रुपये. वीस वर्षांत भरायचे एकेचाळीस लाख पासष्ट हजारांच्या वर. म्हणजे घेतले वीस आणि त्यावर व्याजच साडेएकवीस लाखांहून अधिक. हे गणित मी शाळेत मुलांना सरळव्याज-चक्रवाढव्याज शिकवताना फळ्यावर कितीदा मांडलं असेल. मुलाच्या कागदांवर पाहिलं तेव्हा पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. अल-बकरा सूरेत रिबाविरुद्ध जी आयते आहेत, त्यांचा सूर कुराणात इतर ठिकाणी क्वचितच इतका कडक होतो. मूळ रक्कम तुमची आहे, तुम्ही जुलूम करू नका आणि तुमच्यावरही जुलूम होऊ नये, हा तिथला आशय. आणि लगेच पुढे, कर्जदार अडचणीत असेल तर त्याला सवड द्या. म्हणजे प्रश्न केवळ टक्क्यांचा नाही. नडलेल्याच्या नडीतून आपण काय कमावतो, याचा आहे.

मुलाने गरजेचा आधार घेतला. युरोपियन फतवा परिषदेने १९९९ साली, जिथे बिनव्याजी मार्ग उपलब्धच नाही तिथे राहत्या घरापुरतं असं कर्ज घ्यायला मुभा दिली. अनेक उलेमांनी ती मानली नाही. आपल्याकडे २०१५ साली रिझर्व्ह बँकेच्याच एका समितीने, बँकांमध्ये बिनव्याजी व्यवहाराची वेगळी खिडकी उघडावी अशी शिफारस केली. २०१७ साली त्या दिशेने पुढे न जाण्याचा निर्णय कळला. तेव्हा ‘मार्ग नाही’ हे त्याचं म्हणणं खरं होतं.

पण गरज हा शब्द फार लवचीक आहे. मरणाच्या भुकेला निषिद्ध अन्न खाण्याची मुभा आहे, ती जीव वाचेल एवढ्याच घासांची. पोट भरून ढेकर देण्याची नाही. मग घर किती मोठं झालं की गरज संपते? मी हे मुलाला विचारलं, आणि माझ्या नकळत सुनेने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी वहीतल्या काही ओळींवर रेघा होत्या. हप्त्याने घ्यायचा मोठा टीव्ही गेला, तयार ओटे-कपाटं गेली, सोफा गेला. आधी तीन खोल्यांचं घर बघून आले होते, ते तर केव्हाच सोडलं होतं. एवढ्याने व्याज हलाल होत नाही हे मला ठाऊक आहे. पण मुभा मागणाऱ्याने ती मापून घेतली, एवढं तरी त्या रेघांत दिसलं.

गंमत पुढेच घडली. भाईजानांचा भाडेकरार नव्याने करायचा होता आणि नोंदणीचं संगणकावरचं काम नेहमी माझा मुलगाच करून देतो. मुंबईत ज्याला ‘हेवी डिपॉझिट’ म्हणतात, तसं त्यांचं घर आहे. मालकाला नऊ लाख दिले आहेत, भाडं नाही. सोडताना नऊच्या नऊ लाख परत. एक पैसा वर नाही, म्हणून व्याज नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. कुर्ला-मुंब्र्याकडे अशी किती तरी नमाजी-परहेजगार घरं मला माहीत आहेत.

मुलगा मुद्रांक शुल्काचं गणित करत होता. महाराष्ट्रात अशा कराराचं शुल्क ठरवताना परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात. नऊ लाखांवर नव्वद हजार. पडद्यावर तो शब्द स्वच्छ लिहिलेला होता. मुलाने तो दाखवला नसता तरी चाललं असतं. पण त्याचंही वय तिशीचंच. म्हणाला, “मामू, तुमच्या करारात पण आहे की!”

भाईजान चिडतील असं वाटलं होतं. ते चिडले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे पाहिलं. सरकारने शुल्कासाठी काय धरावं हा सरकारचा प्रश्न, एवढं म्हणून ते सुटू शकले असते. फिक्हमध्ये मात्र जुना नियम आहे : कर्जाच्या बदल्यात देणाऱ्याला ठरवून जो फायदा मिळतो, तो रिबाच. मालकाला नऊ लाख वापरायला दिले, म्हणजे कर्जच दिलं. त्या बदल्यात खोली फुकट मिळाली, तो फायदा. आणि मालक तरी कोण? मुलीच्या लग्नासाठी रोकड हवी म्हणून राहती खोली देऊन स्वतः लांब राहायला गेलेला माणूस. नडलेला तो होता.

“मी तर घेणाऱ्याच्या बाजूला बसलोय,” भाईजान बऱ्याच वेळाने म्हणाले. “तुझा मुलगा व्याज देतो. मी खातो.”

त्यांचं हे वाक्य मला लागलं. मला जिंकायचं होतं, पण असं नाही. शिवाय देणारा आणि घेणारा दोघेही दोषी, अशीच हदीस आहे. त्यामुळे मुलाची सुटका त्यातून होत नव्हती. फक्त एकाच बाकावर आता दोघे बसले होते.

कुराणातली सर्वांत लांब आयत कर्ज लिहून ठेवण्याविषयी आहे : रक्कम किती, मुदत किती, साक्षीदार कोण. नमाज-रोज्याविषयी नाही, देण्याघेण्याच्या कागदाविषयी. ती मी किती वेळा वाचून गेले असेन. त्या रात्री वहीच्या कोऱ्या पानावर मुलाने घराची सगळी देणी लिहायला घेतली. बँकेचं झालं. मग सासऱ्यांकडून उसने घेतलेले दोन लाख, ज्यांचा कुठेच कागद नव्हता. मग सुनेचं महर. लग्नाला चार वर्षं झाली होती; ते अजून ‘उधार’ होतं आणि त्याची आठवण घरात कुणालाच झाली नव्हती. मलाही नाही. बँकेचं व्याज आम्हाला टोचत होतं, हे नाही. त्याने घरातला फॅन घेण्याआधी महर चुकतं करायचं ठरवलं. सुनेने त्यातून फॅन आणला, तो तिचा प्रश्न.

कुराणखानीच्या दिवशी भाईजान आले. उशिरा आले, दाराजवळ बसले, एक सिपारा वाचला. जेवले नाहीत; मीही आग्रह केला नाही. निघताना मुलाला बाजूला घेऊन काही विचारत होते. नंतर कळलं की कुर्ल्यात तसल्या खोलीला बाजारभावाने भाडं किती, ते विचारत होते. बारा हजार, तो म्हणाला.

बारा हजार त्यांना पेन्शनमधून परवडत नाहीत. नऊ लाख परत मागावेत, तर मालकाकडे ते उरलेले नाहीत. आता दर महिन्याला ते मालकाला दीड हजार नेऊन देतात. मालक पहिल्या वेळी घ्यायलाच तयार नव्हता. त्याला वाटलं, यामागे काही तरी डाव आहे. भाईजान पावती मागतात आणि घरी येऊन मागच्या बाजूला पेन्सिलीने बाकी लिहितात : दहा हजार पाचशे.