सरकी कोणाची?

भाव चढावा म्हणून माल अडवून धरणे, याला आपल्या फिकहमध्ये एहतिकार म्हणतात. तो धान्य आणि चारा यांपुरताच, असे इमाम मुहम्मद यांचे मत. इमाम अबू यूसुफ यांनी मात्र कक्षा रुंद केली : जी वस्तू अडवल्याने लोकांना नुकसान पोहोचते, ती कोणतीही असो, तो एहतिकारच. हा जुना मतभेद अमरावती-अकोल्याच्या काळ्या मातीत पुन्हा उभा राहिला आहे, असे आम्हांला वाटते.

२००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली. जनुक मोन्सॅन्टोचे. जालन्याच्या महिकोबरोबर काढलेली तिची कंपनी ते इतर बियाणे कंपन्यांना शुल्क घेऊन देई. ४५० ग्रॅमच्या पाकिटामागे हे शुल्क १२५० रुपयांपर्यंत गेले. २००६ मध्ये आंध्र सरकार मक्तेदारी आयोगाकडे गेले, तेव्हा कुठे भाव उतरले.

खरी गोम पुढेच आहे. राखलेले बियाणे पेरण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला. पण हे जनुक आले संकरित वाणांतून, आणि संकरित पराटीची सरकी पुढच्या वर्षी तसे पीक देत नाही. हक्क कागदावर राहिला, शेतकरी दर मृगाला कृषी केंद्राच्या दारात. जबरदस्ती कुणीच केली नाही, रचनाच तशी! मोबाइलचे काय वेगळे आहे? गुगलची अ‍ॅप फोनमध्ये आधीच भरून येतात, या व इतर कारणांसाठी स्पर्धा आयोगाने २०२२ मध्ये कंपनीला १३३७ कोटींचा दंड केला. आमच्या वर्गातली मुले तर गुगललाच इंटरनेट समजतात.

जुन्या साठेबाजाचे निदान गोदाम दिसत असे. इथे एका बीची शेकडो होतात, मालाला तोटा नाही. अडवली जाते ती परवानगी. मग शोध लावणाऱ्याने तो फुकट वाटावा काय? मुळीच नाही. मेहनतीचा मोबदला हलालच. पण दुसरी वाटच उरू न देणे हा मोबदला नव्हे. इथे आम्ही अबू यूसुफ यांच्या बाजूला आहोत.

२०१६ मध्ये केंद्राने शुल्क ४९ रुपयांवर आणले. तंत्रज्ञान इतरांना देण्याच्या सक्तीची भाषा निघताच कंपनीकडून तणनाशक सहन करणाऱ्या नव्या कापसाचा अर्जच मागे घेतला गेला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ पोखरला, बीटी असूनही. आणि जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या लोकांनी तणनाशक सहन करणारे बिनपरवान्याचे बियाणे उघडपणे पेरले. त्यांचा राग कंपनीवर नव्हता, परवानगी न देणाऱ्या सरकारवर होता. अडवणारा हात सरकारचा असला, तर अबू यूसुफ काय म्हणाले असते?

२०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोन्सॅन्टोवरील स्पर्धा आयोगाची चौकशी रद्द केली. पेटंटधारकाच्या अशा वागण्याचा निवाडा पेटंट कायद्यानेच व्हावा, असा त्या निकालाचा आशय. अकोल्यात कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, महाबीजचे मुख्यालयही तिथेच. राखून पेरता येईल असे बीटीचे सरळ वाण त्यांनी सुरुवातीलाच शेतकऱ्याच्या हाती दिले असते, तर आम्हांला फिकहची पाने उलटावी लागली नसती.